वीजक्षेत्रातलं एआय, नागपूरच्या वर्धा रोडवरचा दोन दिवसांचा कोर्स: पैसे वसूल का?

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. फीडर (सबस्टेशनमधून एखाद्या भागाला वीज नेणारी लाइन), सबस्टेशन, मीटर, ट्रान्सफॉर्मर यातल्या कशाशीतरी रोजचा संबंध असेल तर जा, पैसे वसूल आहेत, माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. नुसतं "सगळेच एआय एआय करून राहिले तर आपणही करू" म्हणून जाणार असाल तर सहा हजार अधिक जीएसटी वाचवा आणि त्यात घरी एखादा बरा कूलर घ्या.

वर्धा रोडवरच्या हॉटेलचा हॉल, शनिवार-रविवार, सकाळी साडेनऊ ते साडेपाच. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडी पिसं काढली आहेत आणि त्यांची पहिलीच बॅच होती, सुधारतील. मी टेस्टिंग-मेंटेनन्सची कंत्राटी कामं घेतो, हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांचे ट्रान्सफॉर्मर, रिले, मीटर वगैरे, म्हणजे कोडिंगवाला माणूस नाही पण जळक्या तेलाचा वास ओळखतो. बॅचमधे लय मिसळ होती: कोराडी-खापरखेड्याकडचे थर्मलवाले (कोळशाच्या वीजकेंद्रातले), सोलर लावणारे दोघंतिघं, इंजिनिअरिंगचे पोरंपोरी, आणि एक रिटायर्ड शिफ्ट ऑपरेटर काका जे मुलाने फी भरली म्हणून आले होते आणि ज्यांनी खरं सांगायचं तर अर्धा कोर्स शिकवला.

शनिवारची सकाळ लोड फोरकास्टिंगची, म्हणजे पुढे किती वीज लागेल याच्या अंदाजाची, आणि तोच भाग सगळ्यात भारी झाला. शिकवणाऱ्या मॅडमनी कोडबिड काही न उघडता आधी हे समजावलं की फोरकास्ट लागतो कशाला. वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही, बॅटऱ्या आणि पंप स्टोरेज आहेत पण एकूण मागणीपुढे ते अजून किरकोळ, म्हणून उद्याच्या दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ ब्लॉक पाडायचे, प्रत्येक ब्लॉकला किती मेगावॉट लागतील ते आदल्या दिवशीच लोड डिस्पॅच सेंटरला कळवायचं, त्यावरून कोराडीचे ६६० मेगावॉटचे सेट किती लोडवर ठेवायचे वगैरे ठरतं, आणि अंदाज फसला की डेव्हिएशनचा (कळवलेल्या आकड्यापासून घसरल्याचा) भुर्दंड तर बसतोच वर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून हलते ती वेगळी. परवानगीचा पट्टा ४९.९० ते ५०.०५, म्हणजे केवढासा. हे माहीत असणाऱ्यांना माहीत असतं पण पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते, त्यांना वाटत होतं बटण दाबलं की वीज येते.

मग त्यांनी ५ एप्रिल २०२० काढला. लॉकडाऊनमधे रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद केले होते ते आठवतं ना. ग्रिड चालवणाऱ्यांनी देशभरात १२-१४ हजार मेगावॉट लोड पडेल असं धरलं होतं आणि प्रत्यक्षात पडला ३१ हजाराच्या वर! ग्रिड टिकली कारण झटकन कमी-जास्त करता येणारे हायड्रोचे सेट आधीच हाताशी ठेवले होते आणि प्रत्येक डेस्कवर अनुभवी माणूस जागा होता. मॅडमचा प्रश्न साधा होता, यात कोणतं मॉडेल चाललं असतं? असली रात्र आधी कधी झालीच नव्हती तर मशीन शिकणार कशावरून. हॉल एकदम गप्प. एआयच्या कोर्समधे पहिल्या तासाला एआय कुठे हात टेकतं हे दाखवणं मला पटलं, बाकीचे लोक हे शेवटच्या स्लाईडवर बारीक अक्षरात टाकतात.

आणि लगेच दुसरं, आपल्या नागपूरचंच. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ डिग्री दाखवले होते आणि सोनेगावच्याने ५४, देशभर बातम्या झाल्या, नातेवाईकांचे फोन आले जिवंत आहे का म्हणून, आणि हवामान खात्याने नंतर सांगितलं की सेन्सर बिघडला होता, बाकीच्या केंद्रांवर ४४ च्या आसपासच होतं. आपल्या शहराचा पक्का रेकॉर्ड ४७.९ चा आहे, २३ मे २०१३ चा. आता गंमत बघा, त्याच ३० मे ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर गेली होती, तोपर्यंतची सगळ्यात जास्त. म्हणजे ज्या दिवशी फोरकास्ट अगदी नेमका हवा त्याच दिवशी त्याला खाऊ घालायचं तापमान खोटं. मॅडमनी सरावाच्या मॉडेलला मुद्दाम ५६ दिलं तर त्याने दुपारी तीनच्या ब्लॉकला असा लोड दाखवला की तो फीडर कधीच जळून गेला असता. मॉडेलला काहीच विचित्र वाटलं नाही, तो बिचारा आकडा आला की गुणाकार करतो. तिथून पुढे अर्धा तास फक्त यावर गेला की येणारी माहिती आधी कशी तपासायची, शेजारच्या केंद्राशी ताडायची, मागच्या तासापेक्षा किती उडी मारली ते बघायचं. कोर्समधला सगळ्यात कामाचा अर्धा तास.

दुपारी एका शहरी ११ केव्ही फीडरचा नाव खोडलेला डेटा दिला आणि प्रत्येकाला लॅपटॉपवर मॉडेल चालवायला लावलं. कोड तयार होता, आपण फक्त कॉलम निवडायचे, त्यामुळे माझ्यासारख्यालाही जमलं. तापमान टाकलं, वार टाकला, सुट्ट्या टाकल्या, आलेख बराच जुळला पण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मशीन सारखं कमी दाखवत होतं, खरा लोड वर आणि याची रेघ खाली. मॅडम म्हणाल्या काय राहिलं असेल? पोरं लागले मोठमोठी नावं घ्यायला, अमुक नेटवर्क लावू, तमुक लेअर वाढवू. काका मागून म्हणाले, "मॅडम, नवतप्यात जेवढा चढत नाही ना लोड, तेवढा त्याच्यानंतरच्या उमशीत चढते. कूलर काम करत नाही ना मग, लोक एसी लावतात." (नवतपा म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस.) झालं. कोरड्या हवेत कूलर झकास चालतो, त्याला लागते ती पंख्याची मोटर आणि एवढासा पंप, हवा दमट झाली की तोच कूलर नुसता चिकचिक करतो आणि ज्यांच्याकडे एसी आहे ते सगळे एसीवर जातात, एसी म्हणजे कूलरच्या कितीतरी पट लोड. आर्द्रतेचा कॉलम घातल्यावर जूनची रेघ सगळ्यांसमोर वर सरकली. नवं नेटवर्क वगैरे काहीच लागलं नाही. टाळ्या काकांना.

याच भागात एक गोष्ट खटकली ती सांगतो. संस्थेच्या जाहिरातीत आणि स्लाईडवर "सरासरी चूक इतके टक्के" असं मोठ्ठं लिहिलं होतं. सरासरीने काय होतं, रात्री दोन-तीन वाजता लोड सपाट असतो तेव्हा अंदाज कोणीही बरोबर देतं, ते ब्लॉक मिळून सरासरी छान दिसते, पण पैसा आणि डोकेदुखी असते दुपारच्या आणि संध्याकाळच्या पीकला, आणि वादळ आल्यावर. ब्लॉकवार चूक दाखवा म्हटलं तर मॅडमनी तिथल्या तिथे काढून दिली, पीकच्या वेळची चूक सरासरीच्या बरीच वर होती. त्यांना श्रेय, पण मग जाहिरातीतही तेच टाका ना राजेहो.

छतावरच्या सोलरचा मुद्दा मात्र फार पटकन उरकला. सोलरवाले पोरगे विचारत होते की दुपारी लोकांच्या छतावर जे तयार होतं आणि तिथेच वापरलं जातं ते फीडरच्या मीटरला दिसतच नाही, ढग आला की अचानक तेवढा लोड वर येतो, याचं काय करता. उत्तर आलं "ॲडव्हान्स्ड कोर्समधे". नागपुरात आता ज्या गल्लीत बघा तिथे छतावर पॅनल आहेत, हा बेसिकचाच विषय आहे.

संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर. माझा घरचा विषय म्हणून जरा कान टवकारून बसलो होतो. तेलात विरघळलेल्या गॅसची टेस्ट म्हणजे डीजीए, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात: ट्रान्सफॉर्मरच्या आत काही बिघडत असेल तर तेल तुटून गॅस बनतात, हायड्रोजन निघाला तर बारीक डिस्चार्ज, इथिलीन म्हणजे तेल कुठेतरी खूप तापतंय, ॲसिटिलीन दिसला की आत ठिणगी किंवा आर्क, झोप उडालीच समजा. मिथेन-इथिलीन-ॲसिटिलीन यांचं प्रमाण त्रिकोणावर मांडून दोष ओळखायची पद्धत कॅनडाच्या हायड्रो-क्यूबेकमधल्या मिशेल ड्युव्हाल यांनी १९७४ मधे काढली, आजही जगभर तीच वापरतात. इथे एआय काय जास्त करतं? तर एकेका रिपोर्टऐवजी मागच्या सगळ्या रिपोर्टांचा कल, लोड, ऑइल टेंपरेचर, व्होल्टेज वरखाली करणाऱ्या टॅप चेंजरचे ऑपरेशन हे एकत्र बघून कोणता ट्रान्सफॉर्मर आधी उघडायचा याची रांग लावून देतं. शेकडो ट्रान्सफॉर्मर आणि माणसं मोजकी असली की ही रांगच सोनं आहे, यात मला काडीची शंका नाही.

पण शिकवणारे सर कधी सॅम्पल घ्यायला सबस्टेशनमधे गेलेले दिसले नाहीत. सॅम्पल काचेच्या सिरिंजमधे घेतात, आधी व्हॉल्व्हमधलं साचलेलं तेल सोडून द्यावं लागतं, सिरिंज त्याच तेलाने धुवावी लागते, आत बुडबुडा राहिला की गॅस त्याच्यात निघून जातो आणि लॅबला आकडे कमी येतात. मे महिन्यात दुपारी यार्डात उभं राहून हेल्परने घाईत घेतलेलं सॅम्पल आणि नीट घेतलेलं सॅम्पल यात ट्रान्सफॉर्मर एकच असून दोन वेगळे आजार दिसू शकतात. सरांच्या फाईलमधे सॅम्पल कोणी घेतलं, तेल किती गरम होतं, मधे तेल फिल्टर केलं का, यातलं काहीच नव्हतं. फिल्टर केल्यावर गॅस निघून जातात हो, मग मशीन म्हणणार ट्रान्सफॉर्मर ठणठणीत झाला! मी विचारलं तर म्हणाले चांगला पॉइंट आहे, नोट करतो. दुसरं म्हणजे ट्रान्सफॉर्मर रोज जळत नाहीत (नशीब), त्यामुळे "बिघडलेला" या गटात उदाहरणं मूठभर आणि "ठीक" मधे ढीगभर, अशा डेटावर मॉडेलने सगळ्यांनाच ठीक म्हटलं तरी त्याचे मार्क नव्वदच्या वर येतात. हे सरांनी सांगितलं पण, आणि चांगलं सांगितलं.

रविवार सकाळ वीजचोरीची. हाच तो भाग ज्यासाठी अर्धे लोक आले होते आणि हाच तो भाग ज्याच्यासाठी मी दीड मार्क कापले.

संदर्भ असा की केंद्राच्या आरडीएसएस या वीजवितरण सुधारायच्या योजनेत, २०२१ पासून, २५ कोटी स्मार्ट मीटर लावायचं लक्ष्य आहे. जुन्या मीटरचं महिन्याला एक रीडिंग, स्मार्ट मीटर अर्ध्या तासाला एक धरलं तर दिवसाला ४८, महिन्याला १४४० च्या घरात, आणि वर मीटरचं झाकण उघडलं, लोहचुंबक लावलं, फेज आणि न्यूट्रलचा करंट जुळत नाही असे इव्हेंटही नोंदतं. एवढं माणूस बसून वाचू शकत नाही म्हणून मशीन, इथपर्यंत सगळं बरोबर. सरांनी डेटा लोड केला, मॉडेल चालवलं, लाल यादी आली, वरती लिहिलं "संशयित ग्राहक". लोक खुश.

मी यादीतला पहिला ग्राहक उघडला. वापर मार्चपासून एकदम खाली, दिवसाला युनिट-दीड युनिट, रात्री फ्रिजएवढाच लोड. हे नागपुरात ज्याला कळत नाही तो नागपूरचा नाही, मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला, आईवडील उन्हाळ्यात तिकडे, घराला कुलूप, फ्रिज चालू ठेवून गेलेत. धरमपेठ, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर, कुठेही जा, प्रत्येक गल्लीत अशी घरं आहेत. मॉडेल म्हणते चोर. मॅडम तरी म्हणाल्या की याला "तपासून बघा" म्हणायचं, चोर नाही म्हणायचं, पण स्क्रीनवर लाल अक्षरात तेच लिहिलेलं आणि ही यादी ज्याच्या हातात जाईल तो धाड घेऊन जाणार. वीज कायदा २००३ चं कलम १३५ म्हणजे फौजदारी आहे, १२६ मधे नुसतं अनधिकृत वापराचं असेसमेंट (रक्कम ठरवून आकारणं), दोन्हीत फरक आहे, आणि कोर्समधे त्यावर एक स्लाईड नव्हती.

त्याहून मोठं पुढे. यादीच्या बाजूला ट्रान्सफॉर्मरवार हिशोब होता, डीटीसीला (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, आपल्या भाषेत डीपी) किती युनिट गेले, त्याच्यावरच्या ग्राहकांच्या बिलात किती आले, फरक म्हणजे लॉस. एका डीटीसीला लॉस ३४ टक्के, ठळक लाल. त्याच्या चार ओळी खाली एका डीटीसीला लॉस उणे ११ टक्के. उणे! म्हणजे ट्रान्सफॉर्मरला गेली त्यापेक्षा जास्त वीज लोकांनी वापरली. सर म्हणाले ही डेटातली चूक आहे, अशा ओळी आपण गाळून टाकतो, आणि गाळली. काका खुर्चीतून उठलेच. "गाळू नका ना साहेब, तेच तर उत्तर आहे!" उन्हाळ्यात एक डीपी ओव्हरलोड झाली, फ्यूज उडायला लागले की लाइनमन रात्री येऊन दोन-तीन खांबांचा लोड शेजारच्या डीपीवर टाकतो, जंपर (खांबावरची जोडतार) बदलला, लोकांची लाइट आली, तो घरी गेला. कॉम्प्युटरमधे ती घरं जुन्याच डीपीवर राहतात. मग जिच्यावर आता घरं जास्त आहेत तिथे लॉस फुगलेला दिसतो आणि जिच्यावरून काढली तिथे उणे. चोरी कुठेच नाही, नोंद जुनी आहे. ३४ आणि उणे ११ या दोघी शेजारच्याच डीपी निघाल्या, नकाशा उघडल्यावर सगळ्यांनी बघितलं.

आता विचार करा, ३४ टक्केवाल्या डीपीवर पथक गेलं असतं, घरोघरी मीटर उघडले असते, लोक भडकले असते आणि हाती काही लागलं नसतं. कोणत्या घराला कोणत्या खांबावरून, कोणत्या डीपीवरून लाइन आहे ही नोंद, ज्याला कंझ्युमर इंडेक्सिंग म्हणतात, ती ताजी नसेल तर तुम्ही कितीही महागाचं मॉडेल आणा ते शेजाऱ्याला चोर ठरवेल. आणि ती नोंद ताजी ठेवणारा माणूस म्हणजे तोच लाइनमन, ज्याला या दोन दिवसांत कोणी बोलावलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच्या मोबाइलमधे जंपर बदलला की दोन टॅपमधे नोंदवता येईल असं साधं ॲप आधी करा, बाकीचं एआय त्याच्यावर उभं राहील. हा विषय कोर्समधे किती होता? काका बोलले तेवढा.

इंजिनिअरिंगच्या एका पोरीने मस्त प्रश्न विचारला, अर्ध्या तासाचं रीडिंग बघून घरात कोणी आहे की नाही, कधी झोपतात, कधी गावाला जातात हे सगळं कळतं, मग ही माहिती कोणाकोणाला दिसते? २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे एवढंच उत्तर मिळालं आणि चहाची वेळ झाली.

चहानंतर एका कंपनीचा तक्रारी घेणारा मराठी व्हॉइस बॉट, चक्क विक्रीचा डेमो, आपल्या पैशाने आपल्यालाच. "आमच्याकडे वीजपुरवठा खंडित झाला आहे" असं त्यांचा माणूस बोलला तर बॉटने फटकन तक्रार नोंदवली. काकांनी माइक घेतला, "अजी आमची डीपी उडाली, एक फेज गेला, अर्ध्या मोहल्ल्यात लाइट नाही." बॉट म्हणाला कृपया ग्राहक क्रमांक सांगा. काका म्हणाले अंधारात बिल कुठं शोधू. बॉट म्हणाला धन्यवाद, आपला दिवस शुभ असो. हॉल हसून हसून लोळला आणि डेमो वीस मिनिटं आधी आटोपला, याचा एक मार्क वाढवायला हवा होता.

ड्रोनने लाइनचे थर्मल फोटो काढून गरम झालेला जंपर शोधणं, बॉयलर ट्यूब लीक आधी ओळखणं हे शेवटच्या तासात धावत उरकलं. थर्मलवाले दोघं यासाठीच आले होते, त्यांची तोंडं उतरली. वेळ बॉटने खाल्ला.

जेवण ठीक, पनीर, जिरा राईस, नेहमीचं हॉटेलचं. सकाळचा नाश्ता मात्र तर्री पोहा, आणि तर्री खरी तर्री होती, वर चणे भरपूर. सर्टिफिकेट गुळगुळीत कागदावर, लावा भिंतीवर.

मग कोणी जावं? सबस्टेशन किंवा फीडरची आकडेवारी ज्यांच्या हाताखालून जाते त्यांनी नक्की, फोरकास्टिंगच्या एका दिवसासाठीच जा. कंत्राटदार आणि मेंटेनन्सवाल्यांनी जा पण प्रश्न घेऊन जा, विचारल्याशिवाय आतलं बाहेर येत नाही. पोरांनी विद्यार्थी सवलत मागून घ्या, जाहिरातीत नाही पण देतात. चोरी पकडायचं मशीन मिळेल या आशेने जाणाऱ्यांनी राहू द्या. आयोजकांना फीडबॅक फॉर्ममधे लिहून आलो आहे की पुढच्या वेळी काकांना मानधन देऊन स्टेजवर बसवा आणि निदान दोन लाइनमन बोलवा.

लॅपटॉप स्वतःचा लागतो आणि चार्जरसोबत एक्स्टेंशन बोर्डही न्या, कारण विजेच्या कोर्सला अख्ख्या हॉलमधे प्लग पॉइंट चार होते आणि त्यातला एक प्रोजेक्टरने धरलेला.